पद्मिनी सिग्नलला बंद का पडते

आजचा विषय आयडलिंग. गाडी उभी आहे, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला आहे, आणि इंजिनानं आता स्वतःच्या दमावर चालू राहायला हवं. ते राहत नाही. थरथरतं, अडखळतं, बॉनेट हलायला लागतं, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत गाडी बंद. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकानं हे कधी ना कधी भोगलेलं असतं. या एका दुखण्यापायी जुन्या गाड्यांची जेवढी नासधूस होते तेवढी दुसऱ्या कशानं होत नसावी, म्हणून आज सगळा वेळ यालाच.

बोलतोय मनीमाजऱ्यातून. चंडीगड वसलं स्वातंत्र्यानंतर, मनीमाजरा त्याच्या कितीतरी आधीचं, किल्ला असलेलं गाव. २०२० मध्ये कागदोपत्री त्याचं सेक्टर १३ झालं, पण रिक्षावाल्याला अजून मनीमाजराच सांगावं लागतं. इथल्या मोटर मार्केटमध्ये गॅरेज, सुट्या भागांची दुकानं, डेंटर, पेंटर, सीट कव्हरवाले असे सगळे एकाला एक लागून आहेत. मागं ठोकाठोकीचा आवाज येत राहील, त्याला इलाज नाही.

समोर उभी आहे ती प्रीमियर पद्मिनी, १९७५ची. ही आपल्याकडचीच गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना झाला, इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि फियाट ११०० इथं डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी अशा नावांनी निघत राहिली. मुंबईची काळीपिवळी म्हणून तुम्ही तिच्यात बसला असाल. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. राहिल्यात त्या अशा घरातल्या.

या गाडीचे मालक मूळचे साताऱ्याचे, लष्करातून निवृत्त होऊन इथं पंचकुल्यात स्थायिक झालेले. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मी त्यांना काका म्हणतो, इथंही तेवढंच पुरे. गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती तीन गॅरेजं फिरून आली होती. पहिल्या ठिकाणी कार्बोरेटर खोलून धुतला. दुसऱ्या ठिकाणी त्यात नवीन किट टाकलं. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की हे इंजिनच काढा, मारुतीचं बसवून देतो, कटकट मिटेल. काका जवळजवळ तयार झाले होते. मला म्हणाले, "आता रोज भर चौकात उतरून धक्का मारायचं माझं वय नाही राहिलं रे."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण इंजिन बदललं असतं तर काय गेलं असतं ते बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात राखलेली हवी, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशा गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. त्या नोंदणीवर रोजच्या कामाला गाडी वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच काढता येते, त्यामुळे ती घ्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ही गाडी पन्नाशी ओलांडतेय आणि ऐन त्याच वेळी तिचं इंजिन निघणार होतं. कारण काय, तर सिग्नलला बंद पडते! दोष शेवटी निघाला तो अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. एक नव्हे, दोन निघाले, त्याची गोष्ट पुढं येईल.

आधी आयडलिंगला इंजिन करतं काय ते समजून घेऊ. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडरचं. आयडलिंगला ते मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे मिनिटाला १६००, सेकंदाला सुमारे सत्तावीस. एका सिलिंडरनं काम सोडलं तर त्यातले सहा-सात जातात, आणि तेवढ्यानं अख्खी गाडी हलायला लागते. पळत्या गाडीत हेच कळत नाही, कारण तिथं गाडीचा स्वतःचा वेग इंजिनाला ओढून नेतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पाय काढला की कार्बोरेटरच्या गळ्यातली थ्रॉटलची गोल पाती जवळजवळ मिटते. तिच्या कडेनं जाईल तेवढीच हवा आत जाते. अगदी थोडी. मोठ्या जेटमधून पेट्रोल ओढायला ती पुरत नाही, म्हणून आयडलिंगसाठी वेगळी वाट केलेली असते: एक बारीक जेट, भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि पातीच्या खाली उघडणारं एक छिद्र, ज्याच्यावर मिक्श्चरचा स्क्रू असतो. आता समजा कुठून तरी चोरवाटेनं हवा आत येते आहे. गाडी साठच्या वेगात असताना इंजिन इतकी हवा गिळत असतं की ही चोरटी हवा त्यात कुठंच जाणवत नाही. आयडलिंगला मात्र एकूण हवाच चिमूटभर, त्यात ही भर पडली की पेट्रोल कमी पडतं, मिश्रण लीन होतं, इंजिन मरतं. म्हणून 'हायवेला मस्त पळते, सिग्नलला बंद पडते' हे वाक्य कुणी म्हटलं की माझं लक्ष आधी चोरवाटांकडे जातं.

पण हात लावण्याआधी विचारायचं. इथं मनीमाजऱ्यात बॉनेट उघडायच्या आधीच निदान ऐकू येतं, "कारबोरेटर दा कम्म ए जी." कार्बोरेटरचं काम आहे. आपल्याकडे पुण्यात-कोल्हापुरात तरी काय वेगळं होतं? कार्बोरेटर दिसतो, खोलता येतो, त्यातून थोडा गाळ नेहमीच निघतो, तो गिऱ्हाइकाला दाखवता येतो. बिचारा सगळ्यांच्या पापाचा धनी होतो. मी काकांना पाच गोष्टी विचारल्या. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? पाय काढल्याबरोबर पडते की मिनिटभर उभी राहिल्यावर? ब्रेक दाबताना किंवा वळणावर पडते का? दिवसा जास्त की रात्री? आणि शेवटचं पेट्रोल कधी भरलं, त्याआधी गाडी किती दिवस उभी होती?

उत्तरं अशी आली. सकाळी चोक ओढून सुरू होते आणि छान चालते. गरम झाली, चोक आत घातला, की आयडलिंग वरखाली व्हायला लागतं. पाय काढल्यावर पाच-दहा सेकंदांत पडते. ब्रेकचा, वळणाचा संबंध नाही. दिवसा चारदा पडत असेल तर संध्याकाळी दहादा. पेट्रोल ताजं, गाडी रोजच्या वापरातली.

यातल्या संध्याकाळच्या गोष्टीकडे तिन्ही गॅरेजांत कुणी लक्ष दिलं नव्हतं. मीही ती फक्त लिहून ठेवली.

चोकवर चालते याचा अर्थ जादा पेट्रोल मिळालं की बरी असते, म्हणजे एरवी लीन आहे. हे पडताळून बघायची एक साधी युक्ती आहे. इंजिन गरम करायचं, एअर क्लीनर काढायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडावर जाड पुठ्ठा हळूहळू सरकवत अर्धं तोंड झाकायचं. इंजिन सुधारलं, आवाज भरीव झाला, तर मिश्रण लीन होतं. आणखी घुसमटलं, काळा धूर आला, तर रिच होतं. हाताचा तळवा ठेवणारे लोक मी पाहिलेत. ठेवू नका, इंजिन उलटं फुटकारलं तर ज्वाला त्याच तोंडातून बाहेर येते. चोकची दांडी ओढूनही हे करता येतं, पण काही सोलेक्स कार्बोरेटरांत चोकची पातीच नसते, वेगळं स्टार्टर जेट असतं, आणि ते पेट्रोलबरोबर हवाही आत सोडतं. मग फेरे वाढले ते पेट्रोलमुळे की हवेमुळे, कळत नाही. पुठ्ठा खोटं बोलत नाही.

पुठ्ठ्यानं काकांची पद्मिनी सुधारली. तरी मी कार्बोरेटरला हात लावला नाही. करंट आणि कॉम्प्रेशन बघितल्याशिवाय पेट्रोलच्या वाटेला जायचं नाही हा माझा शिरस्ता आहे. त्याचं कारण असं की पॉइंटमध्ये दोष असताना तुम्ही मिक्श्चरचा स्क्रू फिरवून गाडी कशीबशी चालती केली, तर आता तुमच्याकडे दोन दोष झाले, आणि दुसरा तुम्हीच घातलेला आहे.

कॉम्प्रेशनचं थोडक्यात सांगतो. टॅपेट गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावून घ्या, मग गेज लावून चारही सिलिंडर तपासा. आकडा किती यापेक्षा चारही जवळजवळ सारखे आहेत का ते बघा. एकच खूप कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा बघा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरवाल्यांनी इथं जरा जास्त सावध राहावं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंमुक्त पेट्रोल आहे, आणि बिडाच्या हेडमधल्या मऊ सीटना शिशाचा जो आधार होता तो गेला. सीट झिजत जातात, टॅपेटची फट मिटत जाते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि मालक कार्बोरेटर धूत बसतो. काकांच्या गाडीचे चारही सिलिंडर सारखे होते.

मग करंट. इंजिन आयडलिंगला ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीनं एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. हे फक्त जुन्या पॉइंटच्या गाडीत, नव्या इलेक्ट्रॉनिक गाडीत अजिबात नाही. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर फेरे पडतात तो काम करतोय. ज्याची काढली तरी काही फरक नाही, तो झोपलेला. इथं चारही वायरींना इंजिन सारखंच खाली बसलं. कुणी एक आजारी नाही, चौघांचीही उपासमार आहे. प्लग काढून पाहिले तर चारही पांढरट, म्हणजे पुन्हा लीन. पॉइंटची फट ठीक होती. या गाड्यांत ती ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. तो हलत असेल तर फिलर गेजनं लावलेल्या फटीला काही अर्थ राहत नाही, प्रत्येक फेऱ्याला ती बदलते. हलत नव्हता. कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो, वीस मिनिटांनी गाडी मेली आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू झाली तर आधी त्याच्यावर संशय घ्यावा. आणि हो, नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर असं आजकाल राहिलेलं नाही. जुना चालता असेल तर तो जपून डिकीत ठेवा.

आता चोरवाटा. मॅनिफोल्डला नळी लावायची सोय असेल तर व्हॅक्यूम गेज लावा. बऱ्या इंजिनाला समुद्रसपाटीला १८ ते २० इंच दिसतात, काटा स्थिर. उंचीच्या दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचं. इथं चंडीगडला एक, पुण्या-नाशकात जवळजवळ दोन. मुंबईच्या आकड्यावरून पुण्यातल्या इंजिनाला आजारी ठरवू नका. गेज नसेल तर तेलाचा ब्रश. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, मॅनिफोल्डचे जोड, रबरी नळ्या, एकेका जागी थोडं इंजिन ऑइल लावायचं आणि ऐकायचं. तेलानं फट क्षणभर बुजते, इंजिनाचा सूर बदलतो. पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे मारून हेच करणारे आहेत, पण बाजूला तापलेला सायलेन्सरचा पाइप आहे आणि पॉइंटची ठिणगी आहे. तेल सावकाश काम करतं, पण भाजत नाही.

सगळे जोड ठीक निघाले. शेवटी ब्रश थ्रॉटलच्या दांड्याला लावला, जिथं तो कार्बोरेटरच्या अंगातून बाहेर येतो. सूर बदलला. लिव्हर धरून वरखाली हलवला तर दांडा आपल्या भोकात खुळखुळत होता. पन्नास वर्षं उजवा पाय खालीवर झाला, त्या प्रत्येक वेळी हा दांडा फिरला. पोलादी दांडा, भोवती मऊ धातूचं अंग. भोक लंबगोल झालेलं. कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी भोक लहान होत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये पॅकिंग, सुई, जेट असतात, हे भोक नसतं. दोन गॅरेजांत जे काही झालं ते सगळं प्रामाणिकपणे झालं असेल, फक्त दोषाच्या जागेपासून दोन बोटं लांब.

दुरुस्ती लेथवाल्याची. भोक दोन्ही बाजूंनी एका रेषेत मोठं करायचं, त्यात पितळी बुश बसवायचं, दांडा झिजला असेल तर तोही नवा करायचा. रेषा चुकली तर पाती अडकते आणि ॲक्सिलरेटर अर्ध्यात चिकटून राहतो, जे बंद पडण्यापेक्षा भयंकर. म्हणून हे काम ज्यानं पूर्वी केलंय त्याच्याकडेच द्यावं. मनीमाजऱ्यात असे हात अजून आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर असणारच.

कार्बोरेटर बसला, गाडी आयडलिंगला घड्याळासारखी. काका दोन दिवस खूश. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन, "अरे, ही परत बंद पडली. बाजारातून येताना, दोनदा."

इथं माणूस हमखास वाट चुकतो. एक दोष सापडला, तो खरा होता, दुरुस्ती बरोबर झाली, तरी गाडी बंद पडते. मग आधीचं निदानच चुकलं असं वाटतं आणि सगळं पुन्हा उसकटलं जातं. जुन्या गाडीत एकाच लक्षणाला दोन कारणं असणं नेहमीचं आहे. मोठा दोष छोट्याला झाकून ठेवतो. आठवतं का, दिवसा चारदा आणि संध्याकाळी दहादा? आता दिवसाचं पडणं पूर्ण थांबलं होतं, संध्याकाळचं उरलं होतं. संध्याकाळी वेगळं काय होतं? दिवे लागतात.

जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत आयडलिंगला डायनॅमो जवळजवळ काही देत नाही. दिवे आणि इग्निशन कॉइल, दोघंही तेव्हा बॅटरीवर जगतात. बॅटरी चांगली असेल तर तेही चालतं. पण बॅटरीपासून कॉइलपर्यंतच्या वाटेत कुठं गंजलेला, सैल जोड असेल, आणि दिव्यांचा करंटही त्याच वाटेनं जात असेल, तर दिवे लावल्याबरोबर त्या जोडात व्होल्टेज गळतं. ते मोजायला महागडं काही लागत नाही. साधा मल्टिमीटर घ्या, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कॉइलच्या प्लसला. इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. कॉइलच्या आधी वेगळा रेझिस्टन्स लावलेला असेल तर त्याच्या अलीकडे मोजा. दिवे बंद असताना काकांच्या गाडीत आकडा ठीक होता. दिवे लावले आणि तो दोन व्होल्टच्या वर गेला. पंखा, वायपर लावल्यावर आणखी. बारा व्होल्टच्या कॉइलला दहाच्या खाली जेवण मिळत होतं, ठिणगी पिवळी, अशक्त.

डॅशबोर्डखाली डोकं घालून, टॉर्च तोंडात धरून शोधलं. इग्निशन स्विचच्या मागचं एक टर्मिनल काळं पडलेलं, वायरचं टोक सैल, प्लॅस्टिक थोडं वितळलेलं. नवं टोक लावलं, घासून घट्ट केलं. कष्ट होते ते पाठीचे. पण हे टर्मिनल आणखी काही महिने तसंच राहिलं असतं तर गाडी सिग्नलला बंद पडण्यावर भागलं नसतं, डॅशबोर्डमागं आग लागू शकते. जुन्या गाड्या जळतात त्या बहुधा अशाच जोडांपासून आणि कुजलेल्या पेट्रोलच्या नळ्यांपासून.

नळ्यांवरून पेट्रोलकडे येतो, कारण याबद्दल सगळ्या राज्यांतून विचारणा होते. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०२२च्या जूनमध्ये देशानं दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि वीस टक्क्यांचं २०३०चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ वर आणलं. आपल्याकडे ऊस पिकवणाऱ्याच्या घरात या विषयावर तावातावानं बोललं जातं, मी त्या वादात पडत नाही. कार्बोरेटरच्या बाजूनं एवढंच सांगतो की निव्वळ पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ पट, कारण त्याच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन आहे. वीस टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. पद्मिनीच्या जेटला सेन्सर नाही. त्यामुळे पूर्वी बरोबर बसवलेली गाडी आता सात-आठ टक्के लीन चालते, आणि मघाशी सांगितलेल्या चोरट्या हवेत ही आणखी भर पडते. आयडलिंगचा स्क्रू थोडा बाहेर काढून तेवढं भरून निघतं. मोठ्या जेटचं मात्र जाणकाराला विचारूनच करा.

दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर साचू शकतो, आणि पेट्रोल तळातूनच उचललं जातं. संशय असेल तर नळी सोडून पारदर्शक काचेच्या बाटलीत पेट्रोल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. तिसरं, जुनी रबरं. नळ्या आणि एसी पंपाचा डायफ्राम इथेनॉलसाठी बनवलेलाच घ्या. एसी म्हणजे थंड हवेचा नव्हे हं, इंजिनाच्या कडेला बसणाऱ्या यांत्रिक पेट्रोल पंपाला गॅरेजात एसी पंप म्हणतात. त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल कधी कधी इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवू नका. आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असेल तरी गाडी अर्ध्या तासानं उपासमारीनं मरते. झाकण उघडताना सुस्स आवाज आला तर तेच कारण.

आता सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, मिक्श्चरचा स्क्रू. बहुतेक सोलेक्समध्ये तो बाहेर काढला की मिश्रण रिच होतं. आधी हलक्या हातानं पूर्ण आत बसवा, घट्ट पिळू नका, टोकाला खाच पडते. मग साधारण दीड फेरा बाहेर. इंजिन पूर्ण गरम. फेऱ्यांच्या स्क्रूनं आयडलिंग थोडं वर ठेवा, मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवत इंजिन सगळ्यात जोरात आणि सगळ्यात शांत कुठं चालतं ते शोधा, मग फेरे पुन्हा खाली आणा. हे दोन-तीनदा करा. स्क्रू फिरवूनही इंजिनाला काही फरकच पडत नसेल तर थांबा. आयडलिंगचं जेट बुजलंय किंवा चोरट्या हवेची वाट अजून शिल्लक आहे. आणि स्क्रू चार-पाच फेरे बाहेर काढल्यावरच गाडी चालत असेल तर तेही तेच सांगतंय.

डोंगरात जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. इथून कालका, परवानू, आणि पुढं शिमला. चंडीगड समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आसपास, शिमला बावीसशे. वर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण रिच. आयडलिंग जड होतं, क्वचित बंदही पडतं. लोक सोलनला गाडी थांबवून स्क्रू फिरवतात आणि खाली उतरल्यावर लीन झालेली गाडी घेऊन इथं येतात. दोन दिवसांच्या सहलीसाठी स्क्रूला हात लावू नका, फेरे शंभरानं वाढवा, बस. उन्हाळ्यात चढावर पंप तापून नळीत पेट्रोलची वाफ धरली तर खंबाटकीत आणि बोरघाटात ड्रायव्हर करायचे तेच इथंही करायचं, पंपावर ओलं फडकं आणि वीस मिनिटं सावली. गाडी गरम असताना बंद करून लगेच सुरू होत नसेल तर ॲक्सिलरेटर पंप करू नका, पाय तळाला दाबून धरा आणि सेल्फ मारा.

जानेवारीतल्या इथल्या धुक्यात मात्र वेगळाच प्रकार होतो, जो महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी पाहिलेला नसतो. हवा ओली, तापमान पाच-सात अंश. कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोलची वाफ होताना गारवा आणखी उतरतो आणि थ्रॉटलच्या पातीभोवती चक्क बर्फ धरतो. गाडी दहा मिनिटं नीट चालते, मग आयडलिंगला मरते. तुम्ही बॉनेट उघडेपर्यंत इंजिनाच्या उष्णतेनं बर्फ वितळलेला असतो, आणि गाडी काहीच झालं नाही अशी सुरू होते. काही जुन्या गाड्यांच्या एअर क्लीनरला उन्हाळा-हिवाळा अशी खूण असते, हिवाळ्यात तो सायलेन्सरच्या पाइपाकडची गरम हवा घेईल असा फिरवायचा असतो. काकांच्या गाडीचा पन्नास वर्षं साताऱ्याच्या हिशेबानं बसलेला होता. परवाच फिरवला.

पुढच्या वेळी डायनॅमो आणि कटआउट घेऊ.